मागच्या सीटवर मालक

घसा फोडून सांगत होते, पण माझं कोणी खरं मानेल तर शपथ. आमच्या टॅक्सीचे मागचे शॉकअप गेले होते आणि पहिल्या बाळंतपणाला लेकीला धुळ्याहून जळगावला त्याच गाडीतून आणायचं होतं. तिला सातवा लागलेला. मालक, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "गाडीले काय व्हयनं? रस्ताच खराब शे." दीर हसले, "वहिनी, तुम्ही मागं बसल्या की कोणतीही गाडी दबते!"

जायच्या दिवशी मी अडून बसले. म्हटलं, "आज गाडी भाऊजी चालवतील. मागं तुम्ही बसा."

एरंडोलपर्यंत मालकांचं डोकं तीनदा टपाला आपटलं. पारोळ्याला कंबर धरून म्हणाले, "गाडी गॅरेजला घे."

रहीम मिस्त्रींनी मागचा कोपरा दाबून सोडला. गाडी डुलतच राहिली. "भाभी, चांगला शॉकअप एकदा वर येऊन थांबतो. यातलं तेल कधीच गळून गेलंय. बरं झालं, पोर बसायच्या आधी आलात."

नवे शॉकअप टाकले. धुळ्याहून येताना लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून निवांत झोपली. जळगाव आल्यावर उठून म्हणाली, "आई, गाडी किती छान चालते गं! मग आधीच दुरुस्त का नाही केली? अडवलं कोणी?"

मालक खिडकीबाहेर बघायला लागले. लग्नातल्या उखाण्यानंतर मी यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी पदर खोचला आणि घेतलं.

"सुपडू!"