टेंभुर्णी वीतभर सरकली

...आणि तीसुद्धा वीतभर हो! ही एवढी, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि माझा हात पाहा, तोही काही फार मोठा नाही! तेवढ्यावरून तीस वर्षं एका विहिरीचं पाणी घेणारी दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली, पंचायतीची बैठक भरली, आणि सगळं गाव माझ्याकडे बोट दाखवून म्हणतं काय, तर यानं जमीन खाल्ली! मी? अहो, आमच्या घरात जमीन म्हणाल तर कुंडीतली तुळसही नाही. मी तर झाड सरकवलं. चित्रातलं. वीतभर!

थांबा, मी घाई करून राह्यलो. बोलायची सवय नाही ना मला. तुम्हाला सांगतो, मी हर्षदीप, आठवीतून शाळा सोडली, आदिलाबादला एका पेंटरकडे पाट्या रंगवायला शिकलो, आणि स्वभाव असा लाजरा, की दुकानात साखर मागायची तर रस्त्यानं तीनदा मनातल्या मनात म्हणून पाहतो, आणि दुकानदारानं "काय पाह्यजे?" असं मोठ्यानं विचारलं की "काही नाही" म्हणून परत येतो. मग माय बिनसाखरेचा चहा पिते. एका शब्दानं बोलत नाही बिचारी.

म्हणून मी कॉमिक काढतो. वहीत चौकटी पाडायच्या, त्यात गावातली माणसं, आणि त्यांच्या तोंडाजवळ फुगे. दिवसभर जे माझ्या तोंडातून निघालं नाही, ते संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या फुग्यात जातं. एकवीस वह्या भरल्या अशा. साऱ्या गावाला बोलतं केलं मी कागदावर!

पण जीव अडकलाय तो देखाव्यात. झाड, माती, आभाळ... त्यांच्यासमोर तासन् तास बसा, कोणी विचारत नाही "काय पाह्यजे?" म्हणून. आणि एक दिवस आमच्या सरपंच रेणुकाबाई म्हणाल्या, "हर्षा, पंचायतीच्या व्हरांड्याची भिंत रिकामी हाय. आपलंच गाव काढ त्याच्यावर. आल्यागेल्यानं पाह्यलं पाह्यजे." आपलंच गाव! तुम्हाला सांगतो, रात्रभर, म्हणजे झोपलो, पण मनातून झोपलो नाही.

अठरा दिवस! सकाळी तलावाच्या पाळीवर बसून कागदावर काढायचं, दुपारी डिस्टेंपर कालवून भिंतीवर. आणि काय काय कळलं सांगू? काळी माती काळी नसते हो! सकाळी ती जांभळी असते, दुपारी राखेसारखी, पाणी दिलं की वांग्यासारखी चकाकते. जन्मभर त्या मातीत वावरलो, ती चिखलानं पायाला चिकटली, पण पाहिली कुठं होती मी? कापसाची पऱ्हाटी काढली, बाजूला तळं काढलं, मागं सागाचं रान काढलं, आणि वावरात माय काढली. वाकलेली. चेहरा नाही, नुसता पाठीचा बाक आणि कमरेला कापसानं फुगलेली ओटी. तो बाक... एकाच फटकाऱ्यात आला, पण त्या फटकाऱ्यात तीस वर्षं आली.

आणि मग आली ती टेंभुर्णी.

नागोरावकाकांचं वावर डाव्या हाताला, मारोतीकाकांचं उजव्या, आणि मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ही जुनी टेंभुर्णी. दोघांच्या बापजाद्यांपासून तीच हद्दीची खूण. मी दोरी लावून, मोजून-मापून रेघा आखल्या, आणि टेंभुर्णी आली कुठं? बरोब्बर स्विचबोर्डावर! दोन बटनं, एक सॉकेट, जिथं पंचायतीचे सेक्रेटरीसाहेब मोबाईल चार्जिंगला लावतात. आता झाडाच्या पोटातून चार्जरची वायर लोंबकळलेली बरी दिसते का? तुम्हीच सांगा! म्हणून डावीकडं सरकवली. वीतभर!

पहिल्यांदा आले मारोतीकाका. कसल्याशा दाखल्यासाठी आले होते, दाखला विसरले. कमरेवर हात, मान तिरपी. "वा रे पठ्ठ्या! पाह्य बरं, पाह्य! माहा बाप सांगे ना, धुरा खरा तिकडं होता म्हनून! कोनी आयकत नोतं. हा पोरगा तं अठरा दिवस पाळीवर बसून पाहून राह्यला, याचा डोळा खोटं बोलंन काय?"

इथंच मी म्हणायला पाहिजे होतं, 'काका, बोर्ड मधात आला.' चार शब्द! तोंड उघडलं मी. आणि निघालं काय? "चहा घेता का काका?"

झालं! त्यांनी चित्राचा फोटो काढला, तो गावभर फिरला, कोणीतरी मोबाईलवर गणित केलं की भिंतीवरची वीत म्हणजे वावरातले सहा गुंठे, आणि संध्याकाळी नागोरावकाका माझ्या दारात. "काऊन रे हर्षा, म्या तुहं काय घोडं मारलं? तुही माय माह्या वावरात कापूस वेचते, आन् तू ते वावर मारोतीले देऊन राह्यला?" मी मान हलवली. नाही म्हणून हलवली, त्यांना वाटलं हो म्हणून हलवली. माझी मानसुद्धा धड बोलत नाही!

दुसऱ्या दिवशी मारोतीकाकांनी नागोरावकाकांच्या पऱ्हाटीत बारा पावलं आत दगड रोवले. तिसऱ्या दिवशी नागोरावकाकांनी ते दगड उपटून विहिरीजवळ फेकले आणि मोटारीचा फ्यूज काढून खिशात घातला. पाणी बंद. दोघांचंही! आणि वरून रेणुकाबाईंना सांगितलं, "ते चित्र तिथं राह्यलं तं भांडण राह्यते. भिंतीले चुना मारा. नाई तं मी मारतो." बाई म्हणाल्या, रविवारी बैठक घेऊ. मिटलं तर मिटलं, नाही तर सोमवारी चुना.

तुम्हाला सांगतो, शनिवारीच व्हरांड्याच्या कोपऱ्यात बादलीत चुना भिजत पडला होता. फसफसत होता. मी चित्राकडं पाहत होतो आणि तो माझ्याकडं. अठरा दिवसांची माती, सागाचं रान, मायची पाठ... एका हातात जाणार. कशासाठी? वीतभर!

रविवारी सगळा गाव हजर. सेक्रेटरीसाहेबांनी भिंतीकडं पाहून तेलुगूत विचारलं, "इदी मॅपा, बोम्मा?" रेणुकाबाईंनी सांगितलं, "नकाशा हाय का चित्र, असं इचारते ते." गाव एका आवाजात, "दोनी!"

"चित्रात याची माय, मनकर्णाबाई, कोनाच्या वावरात वेचून राह्यली ते सांगा," मारोतीकाका म्हणाले, "झाडाच्या उजव्या अंगाले हाय ना? म्हंजे माह्याच!"

"तिले मी बोलावतो वेचाले, तुह्या कशी?" नागोरावकाका.

आणि माय, जी अशा बैठकीत कधी पुढं बसली नाही, ती खांबाजवळून म्हणाली, "म्या दोघाच्याबी वावरात वेचलं बापा. बोंड दोनीकडं सारखंच टोचते."

मग रेणुकाबाई माझ्याकडं वळल्या. "हर्षा, तूच सांग. झाड असं काऊन काढलं?"

उठलो. "स्वि..." म्हणालो. "काय?" "स्विच..." "मोठ्यानं बोल ना बाबू!" मागून कोणीतरी, "याले आधी चार्जिंगले लावा!" हसले सगळे. डोळ्यांसमोर ती बादली.

आणि मग काय झालं मला, कोणास ठाऊक! चहाच्या चुलीतला कोळसा उचलला आणि दुसऱ्या भिंतीवर, जी कोणी मला दिलीच नव्हती, चौकटी पाडायला लागलो. पहिल्या चौकटीत मी, ब्रश घेऊन. दुसऱ्या चौकटीत टेंभुर्णी स्विचबोर्डावर आली, फांद्या ताठ उभ्या, आणि तिचा फुगा, 'शॉक लागते न बापा मले!' तिसऱ्या चौकटीत तिनं लुगड्याचा घोळ उचलावा तशा मुळ्या उचलल्या आणि टुणकन एक पाऊल बाजूला. चौथ्या चौकटीत नागोरावकाका आणि मारोतीकाका, दोघं टेप घेऊन तिची सावली मोजताहेत, आणि ऊन कलतंय तशी सावली पुढं पुढं पळतेय!

मागं पहिल्यांदा खुसफुस, मग एक हसणं, मग सगळा व्हरांडा. सेक्रेटरीसाहेब उठून बोर्डाला हात लावून पाहून आले. मारोतीकाका स्वतःच्या मिशा पाहून हसत होते. "इतल्या मोठ्या हायत काय रे माह्या?"

नागोरावकाका मात्र हसले नाहीत. ते जवळ आले, बोट ठेवलं. चौथ्या चौकटीत कोपऱ्यात मी स्वतःला काढलं होतं, छोटासा. "सगळ्याच्या फुग्यात लिवलं," ते म्हणाले, "तुहा फुगा रिकामा काऊन?"

खरंच रिकामा होता. एकवीस वह्यांत माझा फुगा रिकामाच आहे. आणि तिथं, सगळ्यांसमोर, मी बोललो. माझ्या तोंडानं! "काका, झाड जाग्यावरच हाय. चुकी माही हाय. म्या पह्यल्याच दिवशी सांगाले पाह्यजे होतं. पन चुना नका मारू."

नागोरावकाकांनी भिंतीवरचं बोट उचललं. मग खिशातून फ्यूज काढला आणि मारोतीकाकांच्या हातावर ठेवला. "जाय, लाव. पऱ्हाटी सुकून राह्यली." मारोतीकाका म्हणाले, "तुह्यात दगड रोवताना दोन झाडं तुटली माह्या हातानं." "माहीत हाय," नागोरावकाका म्हणाले. बस्स. एवढंच.

मिटलं ना? तुम्हाला वाटलं मिटलं! सेक्रेटरीसाहेब म्हणाले, उद्या दुसरा कोणी येईल, चित्राचा फोटो तहसीलला नेईल, मग? सूचना लिहा. दोन्ही भाषांत. मोठ्या अक्षरांत. 'या चित्रावरून कोणीही जमीन मोजू नये.' कुठं लिहू? नागोरावकाका म्हणाले, माह्या वावरावर अक्षर नको. मारोतीकाका म्हणाले, माह्याबी नको. तळ्यात लिहू? तळं सरकारी! मग राहिलं काय? ज्याच्यावर कोणाचाच पट्टा, कोणाचाच मालकीचा कागद नाही असं एकच ठिकाण राहिलं. आभाळ.

माझं आभाळ हो! चार दिवस लागले होते त्या एका आभाळाला, खालून पिवळसर, वर जाता जाता निळं, कुठं जोड दिसू नये असं. त्यावर मी माझ्याच हातानं, हातभर उंचीची, लालभडक अक्षरं काढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर मराठी, खाली तेलुगू.

संध्याकाळी माय पाहायला आली. माय शाळेत गेलेली नाही, अक्षर ओळखत नाही. स्वतःची वाकलेली पाठ तिनं पाहिली न पाहिली, आणि मान वर करून आभाळाकडंच पाहत राहिली. डोळे भरून आले तिचे.

"एवढं मोठं नाव लिवलं रे तुहं!"

मी बोर्डाकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं, आणि म्हणालो, "हो माय."

"आन् हे खालचं?"

"तेबी माहंच. तेलुगूत."