त्रेपन्नाव्या हंड्यावर माझं दार

माझं नाव पार्वती, सगळी पारूच म्हणतात, माहेर भोरकडचं, डोंगराच्या अंगाला, आणि लग्न होऊन आले ती थेट पुण्यात, मंडईच्या मागच्या आळीत, एका खोलीत. मालक मंडईत हमाली करायचे, मी बाहेर रांगोळी विकायची, पांढरी आणि रंगाची, आणि विकता विकता हात असा बसला की मिरवणुकीच्या आधी रस्त्यावर पायघड्या काढायला मलाच बोलवायला लागले. शाळा चौथीपर्यंत, पण काय सांगू तुम्हाला, रांगोळी चिमटीत आली की हात थांबत न्हाई माझा.

आळी म्हणजे काय, एका ओळीत पंधरा खोल्या, तोंडाला एकच नळ, शेवटाला उंबराचं झाड. शेजारच्या खोलीत शेवंता. तिची पोरं माझ्याकडं जेवायची, माझी तिच्याकडं झोपायची, आणि तीस वर्षं आमच्या दोघींत पाटा-वरवंटा एकच व्हता, आता सांगितलं तर सुनांना खरं वाटत न्हाई.

मग आळी पाडायची ठरली, कात्रजला इमारतीत घरं देतो म्हणाले. मालकांना दमा, पावसाळ्यात छत गळायचं, मी संमतीच्या कागदावर सही केली. पहिली सही माझी. पुढं सगळ्यांनीच केल्या, पण नाव माझं झालं, पारूनं आळी मोडली. शेवंता बोलायची थांबली ती थांबलीच. ती चौथ्या मजल्यावर, मी नवव्या, लिफ्टमध्ये गाठ पडली की ती बटणांकडं बघणार. मालक गेले तेव्हा आली, दाराशी बसली, उठून गेली, एक शब्द न्हाई. सात वर्षं हो! माणूस गेल्याचं दुःख कळतं, पण जितं माणूस गेल्याचं कुणाला सांगायचं?

तर अशात ही तन्वी आली, आर्किटेक्चर शिकणारी पोरगी, शहरातल्या गेलेल्या जागांच्या आठवणी गोळा करती. म्हणाली, आजी, तुमच्या आळीचा मॅप काढून द्या ना, रफ असला तरी चालेल. मी म्हणलं, बाई, कागदावर माझा हात चालत न्हाई, मला जमीन दे. ती हसली, मग म्हणाली, तुमच्या आळीचा प्लॉट अजून मोकळाच आहे, पुढच्या आठवड्यात खोदायला घेणार आहेत, मी परमिशन काढते. आणि काढली की! रविवारी सकाळी सगळ्यांनी या, आळी होती तेवढीच्या तेवढी जमिनीवर रांगोळीनं काढणार, असं तिनंच इमारतीच्या ग्रुपवर टाकलं. मला आळीबिळी मागनं, मला एकच पाहिजे व्हतं, शेवंतानं यावं आणि आपल्या खोलीत पाय टाकावा.

नळाचा मोडका पाइप तिथंच व्हता, उंबरही. मी पाइपापासनं सुरू केलं. कुठली खोली किती पावलांवर ते मला पाठ, इतक्या वेळा हंडा घेऊन चाललेय मी. पावलं मोजत गेले, भिंती ओढत गेले, पंधरावी खोली संपली आणि वर बघते तर उंबर अजून लांबच. सगळे हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, पारूबाई, खुराडी काढलीत की आमची! मला रडूच आलं. म्हणलं, आळी मोडायला मीच आणि आता नीट मांडता पण येईना मला.

तेवढ्यात मागनं आवाज आला. गुडघे काय तेव्हाचे हायत का, चालून मोजतीय! हंडे लाव म्हणावं.

शेवंता. माझ्याकडं न्हाई, उंबराकडं बघून बोलली.

आणि बरोबरच व्हतं तिचं. उन्हाळ्यात नळाची रांग आख्ख्या आळीतनं जायची, आणि आपल्या दारात हंडा ठेवला की तो कितवा, हे प्रत्येक बाईला पाठ, त्यावरच कळायचं आज पाणी मिळणार का न्हाई. माझं दार त्रेपन्नाव्या हंड्यावर, शेवंताचं सेहेचाळीसाव्या. मंडईजवळच्या भांडीवाल्याकडनं दोन हंडे मागून आणले, सगळ्या रांगोळीवर खराटा फिरवला, आणि एकापुढं एक हंडा सरकवत निघालो, शेवंता मोठ्यानं मोजत. बाया आपापल्या आकड्याला ओरडायच्या, हे माझं, हे माझं! आणि तिथं दार सोडून मी नव्यानं भिंत ओढायची. पंधराव्या खोलीची भिंत बरोबर उंबराच्या बुडाशी येऊन टेकली. तन्वी समोरच्या गच्चीवरनं फोटो काढत व्हती, खाली सगळे आपापल्या खोल्यांत उभे, कुणी मोरीच्या जागी, कुणी खाटेच्या.

शेवंता तेवढी रेघेबाहेर. म्हणाली, मला दार ठेवलं न्हाईस.

खरंच, सगळ्यांना ठेवलं आणि तिच्या खोलीला सलग रेघ ओढली व्हती, हात कसा गेला देव जाणे. मी खाली बसले, तळहातानं दोन फूट रेघ पुसली. ती आत आली, स्टोव्हच्या जागी मांडी घालून बसली आणि खाली बघून म्हणाली, पारू, दुसरी सही माझी व्हती. तू करून आलीस त्याच दुपारी. कुणाला सांगितलं न्हाई, सगळे तुला बोलत व्हते, मी बोलू दिलं.

राग आला का म्हणता? आला की! म्हणलं, भवाने, सात वर्षं! आणि मग तिथंच, तिच्या भिंतीवरच फतकल मारून रडले, ती पण रडली, रांगोळी सगळी लुगड्याला.

आता तिथं मोठा खड्डा हाय. तो फोटो आमच्या इमारतीत खाली लावलाय, पोरं आपल्या आज्जीची खोली शोधतात. कर्वेनगरहून बोलावणं आलंय, तिथली जुनी वस्ती अशीच रांगोळीनं काढून द्या म्हणून, आम्ही दोघी जाणार, मी काढणार, ती मोजणार, आणि चुकलं की चारचौघांत मला बोलणार. बोलू दे. देवानं तिला असंच बोलतं ठेवावं, तुमचंही भलं होवो, बाई. आणि हे लिहिताय ना, त्यात शेवंताचं नाव माझ्या आधी लिहा.