डोक्यावरचा रुमाल आणि मस्कतचा परवाना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शाळेचे मुख्याध्यापक माननीय लक्ष्मणराव गुरुजी, व्यासपीठावर विराजमान झालेले आमच्या मठाचे पूजनीय विरूपाक्ष स्वामी, बोअरच्या गाडीचे मालक आणि सत्कारमूर्तीचे उस्ताद शेषेराव, शिरूर अनंतपाळची समस्त थोर मंडळी, उजव्या बाजूला बसलेल्या माता-भगिनी, आणि आजचा सत्कारमूर्ती, माझा पुतण्या चिरंजीव सिद्धलिंग, आपणा सर्वांना या म्हाताऱ्याचा शरण शरणार्थी.

गुरुजींनी मघाशी माझ्या कानात सांगितलं की, "गुंडप्पा, थोडक्यात बोला, मागं पोहे निवून राहिले." मी थोडक्यातच बोलणार आहे. माझं शिक्षण निजामाच्या शाळेत, उर्दू चौथीपर्यंत. त्यानंतर मास्तर पळून गेले की मी, हे आता आठवत नाही. त्यामुळे भाषणाला उभं राहिलो की पाय कापतात. तसे ते बसल्यावरही कापतात. माझा स्वभावच फिकिरीचा. आमच्या घरातून कोणी उदगीरला जरी निघालं तरी मी एसटीच्या चाकाकडं बघत उभा राहतो. आणि हा सिद्धलिंग तर समुद्र ओलांडून मस्कतला चालला. विमानाला वर काही धरायला असतं का? शेषेराव म्हणतात नसतं. मग मला झोप कशी लागावी? असो.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, बहात्तरच्या दुष्काळात आपल्या शिवारात पहिली बोअरची गाडी आली. सगळा गाव तेव्हा खडी फोडायला जात होता. सिद्धलिंगही जायचा, पण मुकादमाची पाठ फिरली की हातोडी टाकून गाडीपाशी जाऊन उभा राहायचा. शेषेरावांनी त्याला दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा पान्हा धरायला दिला. तेव्हापासून तो त्या गाडीचाच झाला. आज औशापासून देगलूरपर्यंत कितीतरी गावं त्याने पाडलेल्या बोअरचं पाणी पितात. काही ठिकाणी नुसता फुफाटाही निघाला. ते शेषेराव सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो.

तर मस्कतच्या एका कंपनीला रेताडात पाण्याच्या बोअर पाडायला हुशार माणसं पाहिजे होती. कंपनीचे लोक नांदेडला आले. त्यांनी एका पडीक जागेत सिद्धलिंगकडून गाडी चालवून बघितली आणि त्याला पास केलं. घरी पेढे आले. मला वाटलं झालं काम. पण असं आहे मंडळी, परक्या मुलखात कामाला जायचं तर त्या सरकारचा परवाना लागतो. हातात हुन्नर असून भागत नाही. पासपोर्ट पाहिजे, आणि छाती साफ असल्याचा दाखला पाहिजे.

पासपोर्टची गंमत ऐका. दरखास्तीवर आम्ही जिल्हा उस्मानाबाद लिहिला, आणि दरखास्त टपालात असतानाच आपला जिल्हा लातूर झाला. चौकशीला आलेला जमादार माझ्या ओसरीवर बसून म्हणाला, "आजोबा, हा माणूस कोणत्या जिल्ह्याचा म्हणायचा?" मी म्हटलं, "साहेब, माणूस जिथल्या तिथं बसलेला हाय. जिल्हाच उठून गेला." त्याला ते पटलं असावं, कारण त्याने दुसरा चहा मागितला.

खरी कथा छातीची आहे. ती सांगावी की नाही, याची मला सकाळपासून काळजी लागली होती. पण स्वामीजी म्हणाले सांगा, म्हणून सांगतो.

नांदेडच्या एका दवाखान्यात कंपनीने सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले. आठवड्याने सिद्धलिंग घरी आला तो हातात मोठं पाकीट घेऊन. आत तो काळा फोटो. छातीच्या मधोमध पांढरा गोल डाग, आणि सोबत चिठ्ठी, की उमेदवार नापास. शनिवारी यादी मस्कतला जाणार, त्यात याचं नाव नाही.

आता यादीचं राहू द्या. सिद्धलिंगचा बाप, माझा धाकटा भाऊ बसवंत, दुष्काळानंतरच्या वर्षी छातीच्याच दुखण्याने गेला. खोकून खोकून गेला. त्यामुळे घरात कळायचं ते सगळ्यांना कळलं. त्या दिवशी जेवायच्या वेळी सिद्धलिंगने आपलं ताट आणि पेला मुकाट्याने वेगळा काढला आणि उंबऱ्याबाहेर जाऊन बसला. त्याची आई महानंदा, माझी भावजय, ती उठली. तिने ते ताट उचललं, आत आणून आपल्या ताटाला लावून ठेवलं आणि म्हणाली, "भाकर गार व्हायली. ये आत." बस, एवढंच. मला घास उतरला नाही. दानम्मा, म्हणजे आमचं कुटुंब, साक्षीला समोर बसलेलं आहे. हाव की न्हाई?

ती म्हणते की मी तीन भाकरी खाल्ल्या. बरं.

सकाळी फोटो सगळ्या आळीने बघितला. आपल्याकडं दुखणं एकाचं असतं आणि डॉक्टर सगळा गाव असतो. कोणी फोटो उन्हाकडं धरला, कोणी उलटा धरला. कोणी म्हणालं, दगडाची भुकटी जाऊन जाऊन आत गोळा झाला. कोणी म्हणालं, लहानपणी पैसा गिळला असंल. शेषेराव, तुम्ही काय म्हणालात ते सांगू का? शेषेराव म्हणाले, "एवढा गोल डाग मी आजवर बघितला न्हाई. परकारानं काढल्यावानी हाय." आता उस्तादांनीच असं म्हटल्यावर माझी काय गत झाली असेल?

महानंदा भांडी घासत होती. तिने हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आणा इकडं." तिला अक्षर येत नाही, पण तिने फोटो डोळ्यांपाशी धरला तो खाली घेईचना. मग म्हणाली, "भाऊजी, ह्या डागाला दोन कान हायत."

मी म्हटलं, "वहिनी, डागाला कान कसे असतील?"

"हायत. अन् डावा कान वाकडा हाय." तिने सिद्धलिंगला जवळ बोलावलं, त्याच्या बनियनमध्ये हात घातला आणि दोऱ्याला बांधलेली चांदीची डबी बाहेर काढली. दोन बाजूंना दोन कड्या, डावी वाकडी.

मंडळी, आपल्याला सांगायला नको, आपल्या लिंगायतांच्या घरी मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात डबीत घातलेलं इष्टलिंग येतं, ते मरेपर्यंत देहावरून उतरत नाही. बसवंतचं लिंग त्याच्याबरोबर मातीत गेलं. त्याची चांदीची डबी तेवढी महानंदाने लेकासाठी ठेवली. दुष्काळात तिचे वाळे गेले, जोडवी गेली, पण ही डबी तिने मोडीत दिली नाही. एकदा बसवंत मोट हाकताना डबीचा एक कान तुटला होता, तो आपल्या सोनाराने जोडून दिला, जरा वाकडाच. ज्या डागापायी आम्ही रात्रभर छताच्या फळ्या मोजत पडलो, तो बसवंतच्या डबीचा होता.

महानंदा खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने तोंडावर पदर घेतला तो बराच वेळ काढला नाही.

मी सिद्धलिंगला म्हटलं, "अरे, फोटोवाल्याने विचारलं न्हाई का, गळ्यात काय हाय म्हणून?"

तो म्हणाला, "इचारलं की. घड्याळ काढलं, किल्ली काढली. गळ्यात काय हाय म्हणला, मी म्हणलो काय न्हाई."

"अन् हे?"

"हे काय वस्तू हाय का काका? नाक कोणी काढून ठेवतं का?"

माझं तरी काय? मला विचारलं असतं तर मीही काही नाही असंच म्हटलं असतं. तुमच्यातल्या अर्ध्या सभेने तेच सांगितलं असतं.

पण फोटो तर नव्याने काढायला पाहिजे. आणि शनिवार उद्यावर आलेला. सिद्धलिंग म्हणाला, लिंग काढून ठेवणार नाही, परवाना गेला तर जाऊ द्या. महानंदाने त्याला जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. मी मठाकडं धावलो. धावलो म्हणजे माझ्या वयाने जेवढं धावता येतं तेवढं. स्वामीजींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "गुंडप्पा, लिंग देहावर पाहिजे. छातीवरच पाहिजे असं कोणी सांगितलं? तळहातावर असतं, डोक्यावरही असतं."

मी म्हटलं, मग मुठीत धरू दे. सिद्धलिंग म्हणाला, "काका, फोटो काढताना हात कमरेवर ठेवाया लावतात. मग डाग पोटात निघंल." आता छातीचा डाग पोटात गेला तर परवाना मिळतो का? म्हणून ठरलं, डोक्यावर.

सकाळी पहिल्या गाडीने नांदेड गाठलं. दवाखान्याच्या पायरीवर सिद्धलिंगने डबी डोक्यावर ठेवून हातरुमाल बांधला. पण हल्लीच्या पोरांचे हातरुमाल केवढे, आणि केसांना तेल केवढं. गाठ बसेना. डबी एकदा कानावर आली, एकदा कपाळावर. आतून पुकारा झाला. मग मी माझ्या डोक्याचा रुमाल सोडला आणि माझ्या हाताने त्याला घट्ट बांधून दिला.

तो आत गेला आणि मी भर रस्त्यावर बोडका बसलो. आपल्याकडं माझ्या वयाचा माणूस बाहेर उघड्या डोक्याने कधी बसतो, हे तुम्ही जाणता. तेवढ्यात लातूरचे डाळीचे व्यापारी बसवराज शेठ समोरून आले. मला बघून त्यांनी छत्री मिटली, जवळ बसले आणि हळूच म्हणाले, "गुंडप्पा, कोण वारलं?"

मी म्हटलं, "कोणी न्हाई."

"मग रुमाल?"

"रुमाल आत हाय. छातीचा फोटो काढाया गेलाय."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "दुःखात माणूस असंच बोलतो. चहा घ्या." मी किती समजावलं, पण माझा चेहराच असा आहे की त्यावर आनंद दिसत नाही. शेठ अर्धा तास माझं सांत्वन करत बसले.

आत फोटोवाला म्हणाला, रुमाल काढा. सिद्धलिंग म्हणाला, "फोटो छातीचा हाय ना? डोस्कं झाकलेलंच बरं." तो म्हणाला, राहू द्या. थोड्या वेळाने कंपनीच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. ते मुंबईकडचे. त्यांनी जुना फोटो धरला, नवा धरला, पुन्हा जुना धरला. "अरे बाबा, वो दाग किधर गया?"

मी घाबरलो की खरं बोलून जातो. म्हणालो, "सर पे गया, साब."

सिद्धलिंगने रुमाल सोडून दाखवला. डॉक्टर डबीकडं बघत राहिले, दोन्ही कानांकडं बघितलं, आणि इतके हसले की त्यांचा चष्मा टेबलाखाली गेला. तो मी शोधून दिला. त्यांनी चिठ्ठीवर पास लिहिलं आणि नाव त्याच दिवशी यादीत चढलं.

मात्र बसवराज शेठ लातूरला पोचले होते, आणि त्यांच्याबरोबर बातमीही. दुसऱ्या दिवशी मुरुडहून आमचे दोन पाहुणे तोंडं पाडून दारात उभे. दार मीच उघडलं. त्यातला एक दचकून मागं सरला, कारण वाटेत त्यांनी ठरवलं होतं की वारला असेल तर गुंडप्पाच वारला असेल. दानम्माने त्यांना पोळी खाऊ घालून पाठवलं. तेव्हापासून ती मला म्हणते, "तुमच्या मरणावर जेवण झालंय, आता दुसऱ्यांदा करणार न्हाई."

मंडळी, परवाना परवा हातात आला. सोमवारी सिद्धलिंग मुंबईला निघतो. तिथं वाळू किती, ऊन किती, ज्वारीची भाकर मिळते की नाही, याची फिकीर मी करत राहीन. ते माझं काम आहे. पाणी काढायचं काम त्याचं. पण एक गोष्ट मला काल समजली आणि माझी झोप पुन्हा उडाली. हा परवाना मुदतीचा असतो म्हणे. मुदत संपली की पुन्हा छातीचा फोटो.

सिद्धलिंग, ये इकडं. वाक जरा. हा रुमाल धर. दानम्मा, डोळे वटारू नको, घरी दुसरा आहे. या रुमालाला बांधून घ्यायची सवय झालेली आहे, गाठ सुटायची नाही. तिथं कोणी गळ्यात काय आहे विचारलं, तर काही नाही म्हणू नको. डबी दाखव, आणि बापाचं नाव सांग. महानंदा इथं ऐकून राहिली आहे, तिच्यासमोर हो म्हण.

हो म्हणाला. ऐकलं ना सगळ्यांनी?

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, स्वामीजींनी वाट दाखवली, शेषेरावांनी पोराला हुन्नर दिला आणि आपण सर्वांनी पोहे निवेपर्यंत ऐकून घेतलं, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलताना कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कोणाची गोष्ट जास्त सांगितली गेली असेल, तर म्हाताऱ्याला पदरात घ्या. आता मी असाच बोडका घरी चाललो आहे. वाटेत कोणी थांबवून विचारलं की गुंडप्पा, कोण वारलं, तर तुम्ही सगळे साक्षीला आहात. सांगा, कोणी वारलं नाही. रुमाल मस्कतला चाललाय.