चुलीवरची पिशवी

जव्हारच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाच्या प्रवेशासाठी रांग लागली होती. लेकाचे कागद घेऊन आलेल्या सुनिताच्या शेजारी, बाकावर, सूर्यमाळकडचा एक बाप आणि त्याची लेक कुजबुजत होती. सुनिता भिंतीकडं बघत ऐकत होती.

“बा, पिशवी बंद कर. धुराचा वास सुटलाय.”

“चुलीवर टांगलेली पिशवी ती, धुराचाच वास येणार. पण वाळवी लागली का कधी? तुझ्या आज्याचा जमिनीचा कागुद अजून शाबूत हाय.”

“मागच्या वर्षी साहेबांनी दाखला हातात घेतला न् पंखा लावला. सगळी रांग हसली.”

“हसंना. दाखला तर खरा होता.”

“तू इथंच बस. मी एकटी जाते आत.”

“बरं.”

“ताई, तुमच्या फाईलला कसा छान वास येतोय! पावडर ना?”

“हो,” म्हणत सुनितानं फाईल पदराखाली घेतली. सकाळी त्यापायी अर्धा डबा रिकामा झाला होता.

“बघ बा! अशी ठेवायची कागदं.”

तेवढ्यात आतून नाव पुकारलं, तशी पोरगी पिशवी घेऊन गेली. दार लागलं तसा बाप सुनिताकडं वळला.

“कुठल्या पाड्यावरची गं तू, बाय?”

“मी इथलीच. जव्हारची.”

“बरं, बरं.”

तिच्या पदराच्या दिशेनं वास घेत तो हळूच म्हणाला, “तरी घरी गेल्यावर फाईल परत चुलीवरच टांग हां. पावडरीनं वाळवी मरत नाय.”