बेचिराग गावाच्या लांबलचक फोटोत एकच इसम जागोजागी बसलेला आढळल्याबाबत

मी, धंद्याने फोटोवाला व त्याच नावाने परिचित, वय ४९ वर्षे, शिक्षण सातवी, राहणार टेकडीमागचे जुने गाव, शाळेला लागून असलेले घर, ठाण्यात आपल्या पायांनी हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की,

त्या रविवारी सकाळी मी लवकर उठून अंघोळ केली, देवापुढे हात जोडले आणि कॅमेऱ्याची काच पुसली. हा माझा नेहमीचा क्रम आहे. त्यानंतर मी, माझी पत्नी व माझा मेहुणा असे तिघे टेकडीमागच्या जुन्या गावी गेलो. फाट्यापर्यंत बसने व पुढे पायी गेलो. स्कूटरवर तिघे बसलो नव्हतो, हे विचारल्यावरून सांगतो.

सदर गाव माझे जन्मगाव आहे. माझी शाळा तिथलीच. पाण्याअभावी लोक एकेक करून शहराकडे गेले. नंतर विहिरीला पाणी आले, पण लोक आले नाहीत. शहरात माझा स्टुडिओ आहे. तिथे मी ओळखपत्रांचे फोटो काढतो आणि सुटीच्या दिवशी ओसाड गावांचे लांब फोटो काढतो. दरवर्षी बायकोला म्हणायचो, पुढच्या वर्षी आपण गावी राहायला जाऊ. ती म्हणायची, "तुमचं पुढचं वर्ष नेहमी पुढेच असतं."

गेल्या महिन्यात गावच्या जुन्या चौकीवर नोटीस लागली. गावात कोणी राहत नसल्याने गावाचे नाव दप्तरातून कमी करून सर्व जमीन खडीच्या खाणीला देण्यात येईल, कोणी राहत असल्यास पुढील महिनाअखेरपर्यंत दाखवून द्यावे, असा मजकूर होता. मोजणीदार येऊन पाहणी करून गेले होते व त्यांनी गावापुढे 'बेचिराग' असा शेरा मारला होता. ज्या गावात एकही दिवा लागत नाही ते बेचिराग. हा शब्द आमच्या गुरुजींनी शिकवला नव्हता. तेव्हा गरज पडली नव्हती. गाव जाणारच आहे तर शेवटचा एक फोटो असावा, एवढ्याच हेतूने मी त्या सकाळी गेलो.

लांब फोटोची रीत अशी. चौकाच्या मधोमध कॅमेऱ्याचे तीन पायांचे तिकाटणे रोवायचे, कॅमेरा डावीकडून उजवीकडे थोडा थोडा फिरवत फोटो घ्यायचे, आणि कौलावर कौल चढते तशी एका फोटोची कड दुसऱ्यावर चढवून संगणकावर जोडायचे. फोटो घेताना मी पडद्याकडे पाहत नाही. पातळीचा बुडबुडा मध्ये आहे ना, तेवढे पाहतो आणि मनात नाम घेतो. ढग सरकेपर्यंत थांबतो. घाई करत नाही.

माझा मेहुणा अंगाने भरलेला असून बस-आगारात मेकॅनिक आहे. त्याला घरात सगळे टेकू म्हणतात, कारण तो जिथे जाईल तिथे टेकतो. सामान उतरवून त्याने विचारले, "दाजी, मी कुठे बसू?" मी म्हणालो, "मधे येऊ नकोस, कडेला बस." गोल फिरणाऱ्या कॅमेऱ्याला कड नसते, हे सांगायचे राहून गेले. चूक झाली ती एवढीच.

टेकू आज्ञाधारक आहे. तो डाव्या हाताच्या ओट्यावर बसला. कॅमेरा आपल्याकडे वळला असे दिसताच तो उठून आणखी कडेला गेला आणि पुढच्या ओट्यावर टेकला. कॅमेरा पुन्हा आला, हा पुन्हा उठला. अशा रीतीने त्याने संपूर्ण गाव बसत बसत पार केले.

घरी येऊन फोटो जोडला. पत्नी मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, हा माझा भाऊ आहे की जनगणना?" पडद्यावर चौकाभोवती प्रत्येक ओट्यावर एकेक भारदस्त माणूस निवांत बसला होता. एक घाम पुसत होता, एक जांभई देत होता, एक बुटाची नाडी बांधत होता. दोन ठिकाणी तर टेकू टेकूकडे पाहत होता. पत्नी हसत खाली बसली. मी टेकूला बोलावून घेतले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "दाजी, चांगलं गाव आहे. सगळी ओळखीची माणसं." त्यानंतर आम्ही इतके हसलो की खालच्या दुकानदाराने वर येऊन कोणी आजारी आहे का, असे विचारले. कित्येक वर्षांत गावाच्या फोटोकडे पाहून मी हसलो नव्हतो.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस मुद्दाम केले, हे कबूल आहे. पत्नीने विहिरीवर पाणी भरले, मग कॅमेऱ्यामागून पळत येऊन दारात कपडे वाळत घातले, पुन्हा पळून खिडकीतून डोकावली. पळताना ती टेकूला म्हणत होती, "सरक रे, तू फार ठिकाणी आहेस." कॅमेऱ्याला टायमर लावून मी शाळेच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलो आणि झाडाखाली डुलकीही काढली. टोप्या व शर्ट बदलले. धावपळीत माझी एक चप्पल पायरीवर राहिली, ती फोटोत आहे. आमच्या तिघांशिवाय गावात कोणी नव्हते. पण दुपारपर्यंत आवाज असा झाला होता की टेकडीवरून एक गुराखी पाहायला आला आणि विचारू लागला, "कुणाचं लग्न आहे का?"

तो फोटो शहरातल्या वाचनालयाच्या भिंतीवर लावला. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरला. खाली फक्त 'गाव, रविवार सकाळ' असे लिहिले. पांगलेले गावकरी ऐकून ऐकून येऊ लागले. आमच्या जुन्या शेजारच्या काकू आल्या. पाठमोऱ्या बसलेल्या एका टेकूवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही आमच्या ह्यांची पाठ." काका जाऊन पुष्कळ वर्षे झाली आहेत. टेकू शेजारीच उभा होता. तो काकूंना घरापर्यंत सोडून आला. त्या दिवशी तो कुठे टेकला नाही.

मोजणीदारांचे साहेबही फोटो पाहायला आले. ते मोजणीदारांना म्हणाले, "तुम्ही बेचिराग लिहिलंत, इथे तर बाजार भरलाय." त्यावरून मोजणीदारांनी मी खोटी वस्ती दाखवून सरकारची फसवणूक केल्याची तक्रार दिली. येथे समोरासमोर आल्यावर ते म्हणाले, "इतकी माणसं होती तर मी उन्हात फिरलो तेव्हा एकाने तरी पाणी विचारलं असतं." त्यांचे म्हणणे रास्त आहे.

रीत पटवून देण्यासाठी मी ठाण्याच्या आवाराचा तसाच फोटो काढून दाखवला. त्यात हवालदार फाटकापाशी उभे आहेत व व्हरांड्यात खुर्चीवरही आहेत. तो पाहून ठाण्याचे साहेब म्हणाले, "हवालदार दोन झाले, पण काम एकाचंही दिसत नाही." हे लिहू नये असे हवालदारांचे मत पडले. साहेबांनी लिहायला लावले.

तक्रारीबाबत माझे म्हणणे एवढेच की फसवण्याचा हेतू नव्हता. फोटो कचेरीत दाखल केलेला नाही. परंतु वाचनालयाच्या दारात मोजणीदार मला जे बोलले होते ते मनाला लागले. ते म्हणाले होते, "फोटोत माणसं बसवून गाव वसत नाही." घरी जाऊन मी पत्नीला ते सांगितले. ती भांडी घासत होती. म्हणाली, "खरंच आहे त्यांचं. फोटोसाठी खोटं पाणी भरलं मी, आता खरं भरते. टेम्पो कधी सांगताय?" मला वाटले होते, समजूत काढावी लागेल. ती माझीच वाट पाहत होती, हे मला माहीत नव्हते.

त्याप्रमाणे गेल्या गुरुवारी स्टोव्ह, गाद्या, संगणक व देव असे सर्व सामान टेम्पोत भरून आम्ही गावी राहायला गेलो. स्टुडिओ आठवड्यातून तीन दिवस उघडा राहील. शाळेजवळच्या आमच्या घराचे छप्पर एका बाजूने गेले आहे, दुसरी बाजू चांगली आहे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला व दार उघडे ठेवले. टेकू दोन दिवसांसाठी म्हणून आला आहे, पण त्याने कपाट आणले आहे. शेजारच्या काकूंनी त्यांच्या घराची किल्ली पाठवली असून, झाडून ठेवा, असा निरोप आहे. महिना संपायला अवकाश आहे. मोजणीदारांनी केव्हाही येऊन पाहावे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांना हसू आल्याने ते भाग पुन्हा वाचले. 'सदर गाव बेचिराग आहे' असे एके जागी लिहिले गेले होते, तिथे माझ्या सांगण्यावरून 'होते' असे केले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.