तिसरी पट्टी

भाची : उद्यापासून खांब ठोकायचे होते, मामा. जमीन सपाट करणारं यंत्र थांबवून आलेय मी.

मामा : का गं? काय झालं?

भाची : तिसऱ्या पट्टीत धाविक पक्ष्याची अंडी सापडली. दोन. उघड्या जमिनीवर, ना काडी ना गवत. ड्रायव्हरचं लक्ष गेलं म्हणून वाचली.

मामा : पक्षी दिसला?

भाची : दिसला. जवळ गेलं की पळतो, थांबतो, वळून बघतो.

मामा : तोच. आपल्या भागात शंभर-दीडशे उरलेत सगळे मिळून.

भाची : आणि तुमच्या पक्षी-मोजणीच्या अहवालात तिसऱ्या पट्टीपुढे शून्य आहे. मामांचं शून्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यावरच सौरप्रकल्पाला परवानगी मिळाली.

मामा : हं. चहा टाकू?

भाची : नको. एक वाक्य लिहून आणलंय. 'पक्षी मोजणीनंतर आला.' अंड्यांभोवती कुंपण घालू, बाकीच्या पट्टीत काम चालू ठेवू. तुमच्यावर बालंट नको.

मामा : नंतर कुठून आला? आभाळातून पडला?

भाची : पक्षी आहे मामा, आभाळातूनच येणार.

मामा : तिसरी पट्टी मी चाललोच नाही.

भाची : म्हणजे?

मामा : गुडघे धरले होते. गाडीत बसून दुर्बीण लावली. मातीच्या रंगाचा पक्षी, लांबून काय दिसणार, कप्पाळ! शून्य लिहून मोकळा झालो. आणि शिकाऊ पोरांवर मीच खेकसायचो, पायी चाला म्हणून.

भाची : सांगायचंत ना. मी आले असते चालायला.

मामा : लाज वाटली.

भाची : हे कुणाला कळायची गरज नाही. चाळीस वर्षांचं नाव आहे तुमचं. आणि मलाही ही वीज वेळेवर हवीय. कोळशाच्या धुरात खोकत मोठी झालेय मी.

मामा : तुझ्या वाक्यानं दोन अंडी वाचतील. पट्टीत आणखी किती आहेत, ते कोण बघणार? खोड ते. 'मोजणी करणाऱ्याने पट्टी पायी पाहिली नाही', असं लिही. म्हणजे पुन्हा मोजावीच लागेल. सही मी करतो.

भाची : तुम्हाला परत कुणी बोलावणार नाही, मामा.

मामा : नाही बोलावणार.

भाची : बरं. लिहिलं. 'तिसरी पट्टी पायी पाहिली नाही.' करा सही.

मामा : थांब. 'तिसरी आणि पाचवी' कर.

भाची : पाचवीवर पॅनल बसून महिना झालाय.

मामा : माहीत आहे. लिही.