मेढ्याच्या सड्यावरचं धुकं

हसू नका, पण झालं तसं सांगतो. मेढ्याच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, मी आणि माझा मित्र संजा डोंगरी शर्यतीचा सराव करत होतो. एकाएकी दाट धुकं उतरलं. पुढं संजाची पावलं वाजत होती.

“उजवीकडं कडा हाय, डावीकडनं ये,” असा बसका आवाज आला.

“व्हय,” म्हणत मी मागोमाग पळालो.

खाली देवळापाशी पोचलो, तर तिथं कुणीच नव्हतं. थोड्या वेळानं संजा माझ्या मागनं आला.

“तू पुढं हुतास न्हवं?”

“न्हाई रं. बुटाची नाडी बांधायला थांबलो, तवापासनं मागंच हाय. तुमी दोघं बोलत चालला हुता, म्हणून हाक मारली न्हाई.”

नंतर खरी शर्यत आम्ही पूर्ण केली. तो सडा मात्र एकमेकांचा हात धरून पळालो.